शेजारचं भांडण आणि आपली फौज

मैत्रिणींनो, शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतोय, बाई ओरडतेय, पोरं रडतायत. आपण काय करायचं? आपल्या आई-आजीच्या काळात याला एकच उत्तर होतं. 'त्यांच्या घरातला मामला आहे, आपण कशाला मध्ये पडायचं?' या एका वाक्यापायी किती बायका वर्षानुवर्षं मार खात राहिल्या, त्याची मोजदाद नाही. २००५ साली घरगुती हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला, पुढच्या वर्षी तो लागू झाला आणि घरातला मामला निदान कागदावर तरी फक्त घरातला राहिला नाही. त्यामुळे 'तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे' असं कुणी म्हटलं, की माझ्या कपाळाला आठी पडते.

देशांच्या बाबतीतही हेच वाक्य वापरलं जातं. एखाद्या देशात आपापसातच युद्ध पेटतं, म्हणजे यादवी होते. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुदानचं सैन्य आणि तिथलंच एक निमलष्करी दल एकमेकांवर उठलं. आपल्या सरकारनं 'ऑपरेशन कावेरी' करून तिथल्या भारतीयांना परत आणलं. पण सुदानी बायकांना कोण आणि कुठे नेणार? कोटीच्या वर माणसं घरदार सोडून निघाली. अशी बातमी वाचली की कुणीतरी म्हणतंच, 'सगळं जग नुसतं बघत काय बसलंय? कुणीतरी फौज पाठवून हे थांबवत का नाही?'

हा प्रश्न दिल्ली-न्यूयॉर्कच्या मोठ्या माणसांचा आहे, आपण काय बोलणार, असं समजू नका. फौज म्हणजे शेवटी कुणाची तरी मुलं. आमच्या सातारा जिल्ह्यात 'अपशिंगे मिलिटरी' नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात, म्हणजे इंग्रजांच्या लढाईत, या एका गावातले ४६ जण कामी आले. तेव्हा कुठल्या देशात फौज पाठवायची हा प्रश्न आपल्या चुलीपर्यंत येतोच. शिवाय दुसऱ्याच्या यादवीत फौज पाठवण्याचा अनुभव आपल्या देशाला आहे. तो आपण सोयीस्करपणे विसरलोय, एवढंच.

श्रीलंकेची गोष्ट थोडक्यात सांगते. १९५६ साली तिथं सिंहली हीच एकमेव राजभाषा झाली. तमिळांना नोकऱ्यांत, शिक्षणात डावललं जाऊ लागलं. चिडलेल्या तमिळ तरुणांनी बंदुका हाती घेतल्या. जुलै १९८३ मध्ये जाफन्याजवळ 'एलटीटीई'नं १३ सैनिक मारले आणि त्याचा सूड म्हणून कोलंबोसह ठिकठिकाणी निरपराध तमिळांची घरं, दुकानं जाळली गेली, माणसं मारली गेली. निर्वासितांचे लोंढे तमिळनाडूत आले. भारत सरकारनं काय केलं? एकीकडे बोलणी आणि दुसरीकडे याच तमिळ गटांना गुपचूप शस्त्रं नि प्रशिक्षण. म्हणजे भांडण मिटवायला जाणाऱ्यानंच आधी एका भावाच्या हातात काठी दिली होती!

पुढे २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. तमिळांना प्रांतिक कारभाराचे अधिकार मिळतील, तमिळ गट शस्त्रं खाली ठेवतील आणि यावर देखरेख करायला भारतीय शांतिसेना येईल, असं ठरलं. कागदावर काय वाईट आहे यात? पण ज्यांनी शस्त्रं टाकायची, त्या 'एलटीटीई'ची या कराराला मनापासून संमती नव्हती आणि सिंहलींनाही परकी फौज दारात नको होती. करार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मानवंदनेच्या वेळी श्रीलंकेच्या एका नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. ज्या घरात दोघांनाही तुम्ही नको आहात, त्या घरात शिरण्याचं हे आमंत्रण होतं.

जाफन्यातल्या तमिळ बायाबापड्यांनी सुरुवातीला आपल्या जवानांना हार घातले. आपलं रक्षण करायला आलेत, या भावनेनं. पण ऑक्टोबर उजाडेपर्यंत शांतिसेना आणि 'एलटीटीई' यांच्यातच लढाई जुंपली. जाफना विद्यापीठाच्या आवारात उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जवानांपैकी फक्त एक जिवंत राहिला. २१ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, जाफन्याच्या सरकारी इस्पितळात डॉक्टर, नर्सेस, रुग्ण मिळून ६० च्या वर माणसं गेली. तिथून गोळीबार झाला, त्या चकमकीत ही माणसं सापडली, असं लष्कराचं म्हणणं. जवानांनी निःशस्त्र माणसांना मारलं, असं वाचलेल्यांचं म्हणणं. गल्लीबोळांच्या लढाईत कोण अतिरेकी, कोण मास्तर, कोण शेतकरी हे कपाळावर लिहिलेलं नसतं.

जवानांचं शौर्य कमी नव्हतं. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन मूळचे मुंबईचे. २५ नोव्हेंबर १९८७ ला छातीत गोळी लागली असतानाही ते झुंजले आणि गेले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. प्रश्न त्यांच्या हिमतीचा नाहीच. त्यांना नेमकं कोणतं काम सांगून तिथं धाडलं होतं, हा आहे.

बत्तीस महिने आपली फौज तिथं राहिली. ऐन भरात जवानांची संख्या ७० हजारांच्या वर होती. सुमारे १२०० जवान मारले गेले. १९८९ मध्ये नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी 'आता निघा' असं बजावलं. एवढंच नाही, तर आपल्या फौजेशी लढायला त्यांच्या सरकारनं 'एलटीटीई'लाच शस्त्रं पुरवली. कालचे वैरी एक झाले, ते आपल्याविरुद्ध. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तेव्हा मद्रासला तिच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. पुढच्याच वर्षी, २१ मे १९९१ ला, श्रीपेरुंबुदूरला मानवी बॉम्ब बनून आलेल्या तरुणीनं राजीव गांधींचा बळी घेतला. आणि श्रीलंकेतलं युद्ध? ते २००९ पर्यंत चालूच राहिलं.

माझ्या माहेरच्या आळीत एक काकू होत्या. त्यांचे यजमान शांतिसेनेत होते. धडधाकट परतले, पण तिकडचं कधी बोलले नाहीत. काकू एकदा म्हणाल्या, 'पाकिस्तान म्हटलं असतं तर मला कळलं असतं. हे कुणाशी लढायला गेले होते, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.' याहून नेमकं मी आजवर कुठल्या अग्रलेखातही वाचलेलं नाही.

या सगळ्यात एका बाईचं नाव मला घ्यायचंय. डॉ. रजनी तिरानागामा. जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवायच्या. दोन मुलींची आई. एके काळी त्यांना 'एलटीटीई'बद्दल सहानुभूती होती. पण पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सगळ्यांच्याच अत्याचारांची नोंद करायला घेतली. श्रीलंकेच्या सैन्याची, 'एलटीटीई'ची आणि आपल्या शांतिसेनेचीही. भारतीय जवानांकडून बायकांवर झालेल्या अत्याचारांच्या कहाण्याही त्यांनी टिपल्या. वाचायला जड जातं, पण वाचायला हवं. २१ सप्टेंबर १९८९ ला सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या. वय ३५. हे काम 'एलटीटीई'चंच, असं त्यांच्या जवळच्यांचं म्हणणं. तिन्ही बंदुकांना नावं ठेवणारी बाई कुठल्याच बंदुकीला नको होती.

मग काय, कुणी कुणाच्या घरात शिरूच नये? थांबा. १९७१ आठवा. पूर्व पाकिस्तानात निवडणूक जिंकलेल्या पक्षाला सत्ता नाकारली गेली, २५ मार्चच्या रात्री लष्करानं कत्तल सुरू केली, हजारो बायकांवर अत्याचार झाले, जवळजवळ एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले. डिसेंबरात आपली फौज उतरली आणि तेरा दिवसांत युद्ध संपलं. यात आपला स्वार्थ नव्हता असं नाही. पाकिस्तान दुबळा होणं आपल्याला हवंच होतं. पण तिथली जनता जवळपास एकमुखानं आपल्याला बोलवत होती, काम ठरलेलं होतं आणि मार्च १९७२ मध्ये आपली फौज परत निघालीसुद्धा.

आणि न गेल्याची किंमत बघायची तर रवांडा. १९९४ मध्ये तिथं शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, बहुतेक कोयत्यांनी. संयुक्त राष्ट्रांचे सुमारे २५०० सैनिक तिथं हजर होते. पण दहा बेल्जियन सैनिक मारले गेले आणि ऐन कत्तलीत सुरक्षा परिषदेनं तिथली फौज २७० वर आणायचं ठरवलं. सगळ्या जगानं दार लावून घेतलं. 'त्यांच्या घरातला मामला' याचा अर्थ कधीकधी इतका भयंकर होतो.

याउलट २०११ चा लिबिया. बेनगाझीच्या लोकांना वाचवायचं म्हणून सुरक्षा परिषदेनं परवानगी दिली. भारत त्या मतदानात तटस्थ राहिला. मग 'नाटो'ची विमानं महिनोन् महिने बॉम्ब टाकत राहिली, ती गडाफीचं राज्य कोसळेपर्यंत. ऑक्टोबरात गडाफी मारला गेला आणि सगळे आपापल्या घरी गेले. त्यानंतर देश सांभाळायचा कुणी, याचा विचारच नव्हता. २०१४ मध्ये तिथं दुसरी यादवी पेटली.

आता पहिल्या उदाहरणाकडे येते. शेजारणीला वाचवायला पोलीस येतात तेव्हा त्यांच्यामागे कायदा असतो, वर न्यायाधीश असतो, चूक केली तर जाब विचारता येतो. देशांच्या जगात असा पोलीस नाही. तिथं येतो तो दुसरा शेजारी. त्याच्या हातात काठी असते आणि त्याचाही कुंपणाचा जुना वाद असतो. म्हणून त्याला दारातच चार प्रश्न विचारले पाहिजेत. तुला बोलावलं कुणी? तुझा स्वतःचा काय फायदा? नेमकं काय करून जाणार? आणि निघणार कधी? श्रीलंकेत आपल्याकडे यातल्या एकाचंही धड उत्तर नव्हतं.

माझं मत विचाराल तर असं. उघडउघड कत्तल चालू असेल तर ती थांबवण्यापुरतं जावं, एकट्यानं नाही, चारचौघांना बरोबर घेऊन, आणि काम झालं की निघावं. पण कुणी राज्य करायचं, कुणी कुणाशी नांदायचं, हे बंदुकीच्या धाकानं ठरवायला जाऊ नये. तो समझोता त्या घरातल्यांनीच करायचा असतो.

हे स्वप्नरंजन नाही. लायबेरियात चौदा वर्षांत दोनदा यादवी पेटली. २००३ मध्ये लेमा बोवी यांच्यासोबत हजारो बायका पांढरे कपडे घालून रस्त्यावर बसल्या. ख्रिश्चनही आणि मुसलमानही. पुरुषांची बोलणी लांबायला लागली तेव्हा त्यांनी सभागृहाची दारं अडवली. 'समझोता झाल्याशिवाय बाहेर पडायचं नाही!' समझोता झाला, मग तो टिकवायला संयुक्त राष्ट्रांची फौज उभी राहिली. आणि २००७ पासून २०१६ पर्यंत त्या देशात पहारा द्यायला कोण होतं, ठाऊक आहे? आपल्या सीआरपीएफच्या महिला पोलिसांची तुकडी. घरातल्या बायकांनी भांडण मिटवलं आणि आपल्या बायका राखणीला गेल्या. फौज पाठवायचीच तर ती अशी.

श्रीलंकेत युद्ध संपलं, पण किलिनोच्चीच्या रस्त्याकडेला २०१७ मध्ये तमिळ आया बेपत्ता मुलांचे फोटो घेऊन धरण्याला बसल्या. 'आमची पोरं कुठं आहेत?' एवढंच त्यांचं विचारणं. त्यांच्या मुलांसाठी म्हणून कोण कोण बंदुका घेऊन आलं आणि गेलं, फोटो मात्र आयांच्याच हातात राहिले. पुढच्या वेळी टीव्हीवर कुणी आवेशानं 'घुसा, सोडू नका' असं ओरडायला लागलं, की घरातल्या चर्चेत गप्प बसू नका. वर सांगितलेले चार प्रश्न जरूर विचारा. उत्तरं मिळाली तर पुढचं बोलता येईल.