साधन आवडीचे, नोंद प्रमाणाची

सुतार आपला रंधा सहसा दुसऱ्याच्या हाती देत नाही. संगणक-प्रोग्रामरही आपल्या साधनांविषयी तितकाच हळवा असतो. कोणाचे विंडोजवर उत्तम चालते, तर कोणाचे लिनक्सवाचून पान हलत नाही. ‘व्हीआय’ आणि ‘ईमॅक्स’ या दोन एडिटरांची घराणी १९७६ पासूनची. त्यांच्या चाहत्यांतील वाद गायकीतील घराण्यांच्या वादाइतकेच रंगतात. हा सारा वैयक्तिक आवडीचा प्रांत आहे आणि त्यात इतरांनी ढवळाढवळ करण्याचे कारण नाही. परंतु प्रोग्रामरने लिहिलेल्या प्रणालीतून एखाद्या ग्राहकाचे नाव नोंदवहीत उतरते, तेव्हा प्रश्न केवळ आवडीचा राहत नाही.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर ही शहरे एकाच राज्यात होती व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. जबलपूरमधील मराठी वस्तीला त्या काळाची पार्श्वभूमी आहे. तेथील गोरखपूर भागात राहणाऱ्या एखाद्या काळे कुटुंबाची कल्पना करावी. प्रचलित हिंदी लेखनात ‘ळ’ वापरात नाही, म्हणून हिंदी कागदावर हे आडनाव सहज ‘काले’ होते. रोमन लिपीत तर ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच अक्षर. गावाकडील घराच्या दस्तऐवजावर ‘काळे’ आणि पासबुकावर ‘काले’ असेल, तर माणूस एकच असला तरी संगणकाच्या लेखी त्या दोन व्यक्ती ठरतात. वारसाहक्काच्या वेळी या एका अक्षरापायी प्रतिज्ञापत्रे करावी लागू शकतात.

हा दोष यंत्राचा नव्हे. भारतीय लिपींसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ हा समान कळफलक १९८६ साली प्रमाण ठरला. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. १९९१ मध्ये ‘इस्की’ ही संकेतप्रणाली भारतीय मानक झाली आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा फॉन्ट घरोघरी पोहोचला. तो रेखाटला होता ज्येष्ठ अक्षरकार र. कृ. जोशी यांनी. तरीही पुढे कित्येक वर्षे अनेक कार्यालयांतून जुनेच फॉन्ट वापरात राहिले. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. एकाच दुकानात चालणाऱ्या नाण्यासारखी ही मराठी होती.

युनिकोड आले म्हणजे सारे आपोआप सुरळीत झाले, असेही नाही. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. ‘बँक’ हा शब्दच पाहावा. तो चंद्रबिंदूची एक कळ दाबून लिहिता येतो, तसाच चंद्र आणि अनुस्वार अशा दोन कळांनीही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे जवळजवळ सारखीच दिसतात. पण संगणक त्यांना भिन्न मानतो आणि एक शोधताना दुसरे सापडत नाही. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव वाचणाऱ्याला तीन अक्षरांचे वाटते. युनिकोडमध्ये त्याची आठ चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ या पद्धतीत ती चोवीस बाइट जागा घेतात. नावाच्या रकान्याला वीसच बाइट देणारा प्रोग्रामर या ग्राहकाचे आडनाव नकळत तोडून टाकतो.

यावर कोणी म्हणेल की इन्स्क्रिप्ट शिकण्यास वेळ लागतो, उच्चारानुसार रोमन कळांवर लिहिणे सोपे जाते. हे म्हणणे रास्त आहे आणि तशी सक्ती कोणावर करूही नये. बँकेत पैसे रोखीने भरावेत, धनादेशाने भरावेत किंवा मोबाइलवरून. खातेवहीत नोंद मात्र एकाच रीतीने होते. टंकलेखनाचा मार्गही असाच ज्याचा त्याने निवडावा. साठवण मात्र प्रमाण युनिकोडमध्येच व्हावी, एका शब्दाच्या भिन्न रूपांचा मेळ प्रणालीने घालावा आणि चाचणीच्या यादीत ‘काळे’, ‘कुऱ्हाडे’, ‘ॲडव्होकेट’ असे शब्द आवर्जून असावेत. इंग्रजी नावांवर उत्तम चालणारी प्रणाली मराठी नावांवरही चालेलच, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

ग्राहकांचा आणि कर्मचाऱ्यांचाही यात वाटा आहे. पासबुकावरील नाव अक्षरशः तपासून घ्यावे, चूक आढळल्यास वेळीच दुरुस्त करून घ्यावी, आणि अशा अर्जाला खिडकीपलीकडून ‘चालतं हो, एवढं काय त्यात?’ असे उत्तर मिळू नये. रकमेतील एका शून्याची चूक बँक खपवून घेत नाही. नावातील एका अक्षराची चूकही तितकीच गंभीर मानली गेली पाहिजे.