ओढ्याकाठची गिरणी



यंदाचा दिवाळी अंक आम्ही चालण्याला वाहिला आहे. जॉर्जियातल्या अल्फारेटाच्या मराठी घरांत वाढणाऱ्या मुलांना सिंहगड, रायगड, पावनखिंड ऐकून तरी ठाऊक असतात, आणि ते ठाऊक असायलाच हवेत. पण ज्या बिग क्रीकच्या काठाने ही मुले रोज सायकली पिटाळतात, त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला काय घडले, हे त्यांना सांगणारे घरात सहसा कोणी नसते. आपले घर, कर्ज, शाळा, मतदान सगळे इथे. इतिहास तेवढा परक्याचा, हे आम्हाला पटत नाही. शिवाय या ओढ्याचा इतिहास परका नाहीच. तो थेट आपल्या खानदेश-वऱ्हाडापर्यंत जाऊन भिडतो.

त्यासाठी एक अख्खा दिवस पायी काढावा. उजाडता निघावे. विंडवर्ड पार्कवेच्या बाजूने ओढ्याकाठचा ग्रीनवे धरला की मॅन्सेल रोडपर्यंत बारा-तेरा किलोमीटरची सपाट वाट आहे. भारतातून आलेल्या आजी-आजोबांनाही तिचा एखादा तुकडा सहज जमतो. पाणथळ जागी लाकडी फळ्यांचा पूल लागतो, बीव्हरांनी अडवलेल्या पाण्यात बगळे एका पायावर उभे असतात. दिवाळीच्या सुमाराला ट्यूलिप पॉप्लर पिवळे आणि स्वीटगम लालभडक झालेले असतात. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमधला चहा इथेच संपवावा. मॅन्सेल रोडनंतरचा काही भाग रस्त्याच्या कडेने, गाड्यांच्या आवाजात काढावा लागतो. तो सोसावा, कारण पुढे रॉझवेलमध्ये हाच ओढा व्हिकरी क्रीक होऊन दरीत उतरतो.

तिथे धबधबा दिसण्याआधी ऐकू येतो. सुमारे तीस फुटांवरून, दगडी कडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाणी एकसंध चादरीसारखे खाली येते. हा धबधबा निसर्गाचा नाही. तो कापडगिरणीचा बंधारा आहे. जवळ गेले की चिरे, शेवाळ, भिंतींचे अवशेष दिसू लागतात. पाणी अडवायचे, पाटाने खाली न्यायचे आणि त्याच्या जोरावर यंत्रे फिरवायची, असा हा कारखाना १८३९ साली रॉझवेल मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने उभारला.

अमेरिकेच्या यादवी युद्धात इथले कापड दक्षिणेच्या सैन्याला जात असे. पुरुष लढाईवर गेलेले, मागावर बायका आणि पोरे. जुलै १८६४ मध्ये उत्तरेचे घोडदळ रॉझवेलमध्ये शिरले. गिरणीवर फ्रान्सचा झेंडा लावून ती तटस्थ असल्याचे भासवण्याचा प्रयत्न झाला. तो फसला आणि गिरण्या जाळल्या गेल्या. मग उत्तरेच्या जनरल शर्मनने कामगारांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडून उत्तरेला धाडण्याचा हुकूम दिला. सुमारे चारशे जण, त्यांत बहुतेक बायका आणि मुले, गाड्यांत घालून मरिएटाला आणि तिथून रेल्वेने नॅशव्हिल, लुइव्हिलकडे रवाना झाले. काहींना ओहायो नदीपलीकडे इंडियानात नेऊन सोडले. किती तरी जणी परत आल्याच नाहीत. जवळच्या बागेत २००० साली त्यांचे स्मारक उभे राहिले: वरून मोडलेला एक खांब. तिथे थोडा वेळ बसावे आणि मुलांना ही हकीकत सांगावी. त्या मागांवरचा कापूस गुलामांच्या हातांनी वेचला जात होता, हे त्याच दमात सांगावे. एकीचे दुःख सांगताना दुसऱ्याचे गाळले, तर ती अर्धी गोष्ट झाली.

आता मुंबईकडे वळू. याच युद्धात दक्षिणेची बंदरे कोंडली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मग मागणी आली ती खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला. भाव कडाडले. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअर्सचा जुगार रंगला, समुद्रात भराव टाकणाऱ्या कंपन्या निघाल्या. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सेनापती लीने शरणागती पत्करली, युद्ध आटोपत आले आणि मुंबईचा बाजार कोसळला. शेठजी बुडाले, तसा शेतकरीही. तेजीत सावकाराने सढळ हाताने दिलेले कर्ज मंदीत गळफास झाले. त्यात सारावाढीची भर पडली. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. ते दख्खनचे दंगे आपण शाळेत चार ओळींत शिकलो. त्या उठावामागच्या अनेक कारणांतले एक रॉझवेलच्या या दरीजवळून गेलेल्या युद्धात आहे, हे बंधाऱ्याशी उभे राहिले की पुस्तकापेक्षा कितीतरी नीट समजते. रॉझवेलची गिरणी पुन्हा उभी राहिली आणि १९७५ पर्यंत चालली. सात वर्षांनी मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. लालबाग-परळची माणसे आपल्यातही आहेत. त्यांनी इथे अवश्य यावे.

परतताना बुलॉक हॉल पाहता येईल. थिओडोर रूझवेल्टच्या आईचे लग्न १८५३ च्या डिसेंबरात याच घरात झाले. पांढऱ्या खांबांचे घर देखणे आहे. ते बांधणारे हात गुलामांचे होते. आणि या सगळ्यांच्या आधी ही जमीन चेरोकींची होती. डलॉनेगाच्या परिसरात सोने सापडले, १८३२ मध्ये जॉर्जियाने त्यांची जमीन सोडत काढून वाटली, १८३८ मध्ये सैन्य लावून त्यांना पश्चिमेला हाकलले. त्या वाटेवर सुमारे चार हजार माणसे मेली असे मानतात. आपल्या सबडिव्हिजनचे सातबारे, म्हणायचे तर, तिथून सुरू होतात.

या अंकातले लेखक अशाच वेगवेगळ्या वाटांवरून गेले आहेत. कोणी सह्याद्रीतून, कोणी अपालाचियन ट्रेलच्या दक्षिण टोकापासून. वाचून झाल्यावर अंक टीपॉयवर ठेवू नका, पिशवीत टाका. भाऊबीजेनंतरच्या शनिवारी आपण अमिकलोला धबधब्याला जाणार आहोत. तो ७२९ फुटांचा, आणि तिथे बंधारा नाही. खालून वर सहाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी गाडी थेट वरच्या पार्किंगला न्यावी. डबे त्यांच्याकडेच द्यायचे आहेत.