ॲडलेड प्रॉक्टरला तसबिरीतून बाहेर काढा

सत्पुरुषांना आणि सत्स्त्रियांना तसबिरीत बसवून हार घातला, की त्यांचे ऐकण्याची जबाबदारी संपते, असा एक सोयीस्कर समज आपल्या घरांत रुजला आहे. इंग्लिश कवयित्री ॲडलेड ॲन प्रॉक्टर हिच्या वाट्याला हेच आले. हळुवार भक्तिगीते लिहिणारी, गोरगरिबांसाठी झिजलेली, क्षयाने अडतिसाव्या वर्षी गेलेली सोशीक कुमारिका, एवढेच तिचे चित्र भाविकांपुढे मांडले जाते. मीही वेदीवरून तिचे असेच गुणगान केले आहे, हे प्रथम कबूल केले पाहिजे.

ती १८२५ मध्ये लंडनला जन्मली. वडील स्वतः कवी व चार्ल्स डिकन्सचे स्नेही. १८५३ मध्ये डिकन्सच्या साप्ताहिकाकडे कविता पाठवताना तिने 'मेरी बेरिक' हे टोपणनाव घेतले. वडिलांच्या ओळखीखातर आपले काही छापले जाऊ नये, हा त्यामागील हेतू. १८५४च्या डिसेंबरापर्यंत संपादकाला तिचे खरे नाव ठाऊक नव्हते. वशिला झिडकारणाऱ्या या मुलीला केवळ सोशीक कसे म्हणावे?

तिने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली ती १८५१ मध्ये. आदल्याच वर्षी पोप नववे पायस यांनी इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मप्रांतांची पुनःस्थापना केल्यामुळे तेथील जनमत खवळलेले होते. अशा वेळी हे पाऊल उचलणे दुबळ्या मनाचे काम नव्हे.

१८५९ मध्ये स्त्रियांना रोजगार मिळवून देणारी संस्था लंडनमध्ये निघाली. तिच्या संस्थापकांत ॲडलेड होती. हिशेबनिशी, कायद्याच्या कागदांच्या नकला, मुद्रण अशी कामे स्त्रियांना शिकवावीत, हा संस्थेचा आग्रह. एमिली फेथफुल यांच्या व्हिक्टोरिया मुद्रणालयात स्त्रिया खिळे जुळवू लागल्या, तेव्हा पुरुष कामगारांनी विरोध केला. त्याच मुद्रणालयातून १८६१ मध्ये 'व्हिक्टोरिया रेजिया' हा संग्रह निघाला. त्याची संपादिका ॲडलेडच.

कोणी म्हणतील, "फादर, हे जगाचे काम झाले. धर्मकार्य वेगळे." मग १८६२ पाहा. फादर डॅनियल गिल्बर्ट यांनी १८६० मध्ये प्रॉव्हिडन्स रो येथे बेघर स्त्रिया व मुलांसाठी रात्रनिवारा उघडला होता. त्याच्या मदतीसाठी तिने एक संपूर्ण काव्यसंग्रह दिला. बेघर स्त्रीला आज रात्री छप्पर हवे आणि उद्या सकाळी मजुरीचे काम हवे. ॲडलेडने ही दोन्ही कामे हाती घेतली. एकाला भक्ती आणि दुसऱ्याला राजकारण म्हणणारे आपण आहोत.

तिच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, डिकन्सने तिच्या कवितांना आदराने प्रस्तावना लिहिली. तीत तिच्या विनोदी, हसऱ्या स्वभावाची नोंद आहे. परंतु स्त्रियांच्या रोजगाराचा उल्लेख जेमतेम अर्ध्या ओळीचा. परोपकारात झिजून गेलेली स्त्री, हेच चित्र लोकांनी उचलले. झिजणे सर्वांना आवडते. हक्काचे वेतन मागणे आवडत नाही.

२ फेब्रुवारी १८६४ रोजी, बाळ येशूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणादिवशी, तिचे निधन झाले. पुढच्या वेळी त्या सणाला मेणबत्ती पेटवताना एवढेच आठवा: आपल्या दारी विधवा येते, तेव्हा आपण तिच्या हाती तांदळाची पुरचुंडी ठेवतो. तिच्या मुलीला हिशेब शिकवून पगाराची जागा देण्याची आपली तयारी आहे काय? नसेल, तर ॲडलेडच्या तसबिरीला हार घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.