शब्दावर बोट ठेवलं की एवढा राग का?

‘चांभारचौकशा’ हा शब्द नको, एवढंच चारचौघांत म्हणून बघा. उत्तरं ठरलेली आहेत. ‘आमच्या मनात तसं काही नसतं.’ ‘आजीपासून ऐकत आलोय.’ ‘मग बामणी कावा कसा चालतो?’ आणि शेवटी, ‘आता माणसानं बोलायचंच नाही का?’

नाही, ‘बामणी कावा’ही मला चालत नाही. जन्मावरून माणसाला स्वभाव चिकटवणारा कुठलाच शब्द चालत नाही. पण पहिल्या शब्दावर बोट ठेवलं की दुसरा पुढे करायचा, याला उत्तर म्हणत नाहीत.

मला वाटतं, रागाचं कारण सोपं आहे. सांगणारा म्हणतो, ‘हा शब्द वाईट आहे.’ ऐकणाऱ्याला ऐकू येतं, ‘तू जातीयवादी आहेस, आणि तुझी आजीसुद्धा.’ मग शब्द राहतो बाजूला आणि स्वतःच्या चांगुलपणाची वकिली सुरू होते. ज्याला तो शब्द लागला, त्यालाच उलट समोरच्याची समजूत काढत बसावं लागतं.

हेतू नसतो, मान्य. पण चर्मकार समाजातला सहकारी शेजारी बसलेला असला की हाच शब्द ओठांवर का अडतो? अडतो, म्हणजे तो लागतो हे आपल्याला पक्कं माहीत असतं. राग येतो तो हे कुणीतरी मोठ्यानं बोलून दाखवलं म्हणून.

भाषा मरेल म्हणता? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना पर्याय दिले. सावरकरांनी ‘मेयर’चा ‘महापौर’ केला. मराठी मेली नाही, उलट ते शब्द आपण अभिमानानं मिरवतो.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. ‘नाव बदलून काय होतं?’ असं विचारणारे आजही भेटतात. पत्ता सांगताना जात सांगावी लागत नाही, एवढंच होतं. हे ‘एवढंच’ केवढं असतं, ते शाळेच्या दाखल्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत ज्यानं तो पत्ता लिहिला त्याला विचारा.

‘भोचकपणा’ म्हणा, ‘नसती उठाठेव’ म्हणा. मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही. ‘बरं, नाही म्हणणार’ एवढं म्हणायला मात्र आपली जीभ रेटत नाही.