बंद घराची किल्ली

परवा भाईंदर पूर्वेच्या आमच्या वन रूम किचनचं कुलूप तेल घालून उघडावं लागलं. दोन वर्षं घर बंद आहे. "मावशी, भाड्याने का देत नाहीस?" भाचीने विचारलं. काय सांगणार? १९४७चा भाडे कायदा आमच्या पिढीच्या हाडांत मुरलाय. भाडेकरू एकदा आला की निघत नाही! २०००पासून नवा कायदा आहे, अकरा महिन्यांचे करार होतात, तरी भीती जात नाही. मी एकटी नाही. २०११च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटी दहा लाखांवर घरं रिकामी होती.

आणि इथेच दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींना पालिकेच्या नोटिसा लागतात. जायचं कुठे? एमएमआरडीएच्या २००८च्या भाडेघर योजनेतली खोली मिळाली तर १६० चौरस फूट, तीही मुलांच्या शाळेजवळ असेलच असं नाही.

लंडनमध्ये पालिका घरमालकाकडून काही वर्षांसाठी घर घेते आणि त्यात बेघर कुटुंबाला ठेवते. घर रिकामं राहिलं तरी मालकाला भाडं पालिकाच देते. आपल्या महापालिकेने हे करून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

पण मंडळी, माझ्या पेन्शनचा फरक मिळायला चार वर्षं लागली होती. तेव्हा भाडं महिन्याच्या महिन्याला आणि मुदत संपताच घर परत, एवढं मात्र लेखी हवं. मग ही किल्ली मी स्वतः नेऊन देईन.