खपलीची खीर



लग्नसराई आली, मांडवात पंगत बसली, की तुम्हालाही स्वतःच्या लग्नातलं जेवण आठवत असेल. मला तर अजून चुलवणावरच्या खिरीचा वास येतो. आज तीच आठवण सांगते.

माझं लग्न १९७३ च्या वैशाखात माण तालुक्यात झालं. १९७२ च्या दुष्काळाची झळ तेव्हा ऐन भरात होती. विहिरी आटलेल्या, दावणी मोकळ्या झालेल्या. आई अन् थोरला भाऊ पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होते. घरात रेशनची तांबडी मिलो. कामावर मिळणारी सुकडी हीच पोरांची मिठाई.

सोयरीक आधीच ठरलेली. आबांना घोर लागला, की गावजेवण घातलं नाही तर चारचौघांत मान खाली जाईल. त्यांनी विहिरीजवळचं रान गहाण टाकायचं मनात धरलं. आईला हे कळलं ते आदल्या रात्री. ती भांडली नाही. सकाळी उठली अन् आळीतल्या बायकांकडं गेली.

दुपारपर्यंत आमच्या सोप्यात गाडगी-मडकी गोळा झाली. थोरल्या चुलतीनं बियाण्याला राखलेली खपली आणली. म्हणाली, "बी पुन्हा मिळंल, लेकीचं लगीन एकदाच असतं." कुणी गुळाचा खडा दिला, कुणी खोबऱ्याची वाटी, कुणी मूठभर खसखस. मग आईनं भावकीत सांगावा धाडला, "आहेर नको. येताना एक घागर पाणी तेवढं आणा."

गव्हाला पाण्याचा हात लावून बायकांनी तो उखळात सडला, कोंडा पाखडला, रात्रभर भिजत घातला. पहाटे काहील चढली. चुलता घाईनं गूळ टाकायला निघाला, तर आजीनं त्याचा हात धरला. "दाणा फुटू दे आधी. गूळ लवकर पडला तर गहू शिजत न्हाई." भगिनींनो, खीर करताना एवढं ध्यानात ठेवा.

गावजेवण झालं नाही. भावकी अन् वऱ्हाड तेवढं जेवलं. वडाच्या पानांच्या पत्रावळी, मिलोच्या भाकरी, डाळीची आमटी अन् ती खीर. मिलोला कुणी नाक मुरडलं नाही, कारण वऱ्हाडाच्या घरीही तीच शिजत होती. खीर मात्र सासऱ्यांनी दोनदा मागून घेतली.

मी शेवटच्या पंगतीला बसले. तोवर काहिलीच्या बुडाची खरपूस खीरच उरली होती. आबा शेजारी येऊन बसले. माझ्याच पत्रावळीतला एक घास त्यांनी घेतला अन् हळूच म्हणाले, "रान वाचलं गं पोरी." त्या घासाची गोडी मला पुन्हा कुठल्या पक्वान्नात सापडली नाही.

पुढं पाऊस बरा झाला. हिवाळ्यात आबांनी त्याच रानात खपली पेरली अन् चुलतीचं बी सवाईनं परत केलं.

आता मांडव मोठे झाले. टेबलावर पदार्थांची रांग लागते, निम्मं ताटात टाकलं जातं, अन् पाहुणे गेल्यावर आचाऱ्याचं अन् मांडववाल्याचं देणं घरधन्याच्या उशाशी येऊन बसतं. हौस करू नका असं मी म्हणत नाही. पण लेकीच्या लग्नाची यादी कराल तेव्हा पदार्थांच्या आधी हाताशी किती आहे ते लिहा. कमी पडलं तर सावकाराच्या आधी भावकीला हाक मारा.

अन् हो, तुमच्या लग्नात काय जेवण होतं, ते एकदा लेकीसुनांना बसवून सांगा. त्यांनाही कळू द्या, त्या घासामागं कुणाकुणाचे हात होते.