वडिलांच्या पश्चात् राहिलेली बंदूक

वारसनोंद लांबली तर आपले शेतकरी बंधु चावडीवर खेटे घालतात; माळ्यावरील ठासणीच्या बंदुकीची मात्र कोणास आठवण होत नाहीं. जमीन वारसानें येते, बंदुकीचा परवाना येत नाहीं. तो ज्याचा त्याच्यापुरताच असतो. मी महसूल खात्यांत कारकून असतां एक गृहस्थ वडिलांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं परवाना आपल्या नांवें करावयास आले. "वडिलांची आठवण म्हणून ठेवली," हेंच त्यांचें उत्तर! माणूस सरळ, पण कायद्यानें विनापरवाना हत्यार बाळगणारा ठरत होता.

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणें अशी बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. माझ्या मतें हें काम दिवसकार्यें आटोपण्याचीहि वाट न पाहतां करावें, व पावती जपून ठेवावी. तत्पूर्वीं आंत बार ठासलेला आहे कीं काय, हें जाणत्याकडून पाहून घ्यावें. पोरांचा हात लागूं देऊं नये. पुढें वारसानें स्वतःच्या नांवें परवाना मागावा, नाहीं तर ती परवानेदारास विकावी. २०१९ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित धरूनहि एकास दोहोंपेक्षां अधिक बंदुका ठेवतां येत नाहींत.

पीकसंरक्षणार्थ ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागतां येतो. परंतु केवळ घराण्याच्या मानासाठीं तो मागणें मला पसंत नाहीं. ज्यांच्या रानांत डुकरें खरोखरच धुमाकूळ घालतात त्यांनीं अवश्य मागावा. मात्र डुकर मारण्यास वनखात्याची परवानगी निराळी लागते.